धमनीतून होणारा तीव्र रक्तस्राव: तो ओळखावा कसा आणि मदत येईपर्यंत काय करावे

मांडीतील किंवा दंडातील मोठी धमनी कापली गेली, तर धडधाकट माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. मोठ्या शहरातही रुग्णवाहिका इतक्या लवकर पोहोचेलच असे नाही, आणि उसाच्या फडात, घाटरस्त्यावर किंवा एखाद्या वाडीवर तर तिला यायला बराच वेळ लागतो. म्हणून अशा जखमीचा जीव वाचवण्याचे पहिले काम त्या क्षणी जो शेजारी उभा असेल त्यालाच करावे लागते, मग तो सहकारी असो, घरातली व्यक्ती असो किंवा रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस असो.

मी एका औद्योगिक वसाहतीत काचेची तावदाने कापण्याच्या आणि बसवण्याच्या कामावर सुपरवायझर आहे. या कामात मनगट, दंड आणि मांडी यांना खोल जखमा होण्याचा धोका कायम असतो. आमच्या एका सहकाऱ्याच्या दंडाच्या आतल्या बाजूला काच घुसून धमनी कापली गेली तेव्हा तो वाचला, कारण प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला वेल्डर जवळच होता आणि त्याने रुग्णवाहिका येईपर्यंत जखमेवरचा हात हलवला नाही. त्यानंतर मीही ते प्रशिक्षण घेतले आणि आता कामावर नव्याने येणाऱ्या मुलांना ते शिकवतो. शिकवताना माझ्या लक्षात आले आहे की अशा वेळी साहित्य क्वचितच कमी पडते. कमी पडतो तो हाताचा जोर. जखमीला दुखेल म्हणून माणसे हळुवार दाबतात, आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला कापड उचलतात. या दोन सवयी मोडल्या तरी पुष्कळ काम झाले, असे माझे ठाम मत आहे.

खालील पायऱ्या क्रमाने वाचाव्यात. मात्र केवळ वाचनाने हाताला सवय लागत नाही. इंडियन रेड क्रॉस सोसायटी किंवा सेंट जॉन अँब्युलन्स यांच्या प्रथमोपचार वर्गात एकदा तरी बसावे आणि तेथे स्वतःच्या हाताने पट्टी बांधून पाहावी.

१. रक्तस्राव जिवावरचा आहे का, हे काही सेकंदांत ठरवा

धमनीतले रक्त हृदयाकडून दाबाने येत असते आणि त्यात प्राणवायू भरपूर असतो. त्यामुळे ते लालभडक दिसते आणि नाडीच्या ठोक्याबरोबर त्याची चिळकांडी उडते. शिरेतले रक्त काळपट लाल असते आणि एकसारखे वाहत राहते. खरचटल्यावर येणारे रक्त नुसते पाझरते आणि बहुधा आपोआप थांबते. पुस्तकातला हा फरक खरा आहे, पण प्रत्यक्षात केवळ त्याच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. धमनी मांसात खोलवर कापली गेली असेल, तर चिळकांडी बाहेर दिसत नाही आणि जखमेतून रक्त नुसते भळभळ वाहते. बरेच रक्त गेल्यावर रक्तदाब उतरतो आणि उडणारी धारही मंदावते. तेव्हा रक्त थांबत आले असे पाहणाऱ्याला वाटते, प्रत्यक्षात जखमी अधिक धोक्यात गेलेला असतो. मोठी शीर कापली गेली तरीही जीव जाऊ शकतो. म्हणून रक्त कोठून येते यावर विचार करत बसू नका. पुढीलपैकी एक जरी खूण दिसली, तरी रक्तस्राव जिवावरचा समजून लगेच हात लावा.

- रक्ताची चिळकांडी उडते आहे किंवा रक्त न थांबता धारेने वाहते आहे.
- जमिनीवर रक्ताचे थारोळे साचते आहे.
- कपडे किंवा जखमेवर बांधलेले फडके रक्ताने चिंब भिजले आहे.
- हात किंवा पाय पूर्ण किंवा अर्धवट तुटला आहे.
- रक्त गेल्यानंतर जखमी गोंधळलेला बोलतो आहे, पांढराफटक पडला आहे किंवा बेशुद्ध होतो आहे.

गडद रंगाची जीन्स, रेनकोट, घोंगडी आणि पाठीखालची माती रक्त लपवतात. अपघातात पडलेल्या माणसाच्या फक्त दिसणाऱ्या जखमेकडे पाहून थांबू नका. मांडीच्या आतून, काखेतून आणि पाठीखालून हात फिरवून तो ओला होतो का ते पाहा.

प्रौढ माणसाच्या शरीरात दर किलो वजनामागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे ६० किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास. साधारण १५ टक्के रक्त जाईपर्यंत शरीर सावरून घेते आणि बाहेरून फारसे काही दिसत नाही. ३० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर रक्तदाब कोसळू लागतो, आणि ४० टक्क्यांनंतर जीव वाचवणे अत्यंत कठीण होते. लहान मुलांच्या बाबतीत हे गणित फार कडक आहे. २० किलोच्या मुलात दीड लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या तीन पिशव्यांइतकेच रक्त असते, आणि त्यातली एक पिशवी जमिनीवर सांडली तर ते मूल गंभीर अवस्थेत पोहोचलेले असते. मूल रडते आहे, म्हणजे बरे आहे, अशी समजूत करून घेऊ नका.

२. आधी धोका हटवा आणि मदत बोलवा

यंत्र चालू असेल तर ते बंद करा. कडबाकुट्टी, यंत्रमाग, ग्राइंडर किंवा लाकूड कापण्याची करवत यांचा वीजपुरवठा मुख्य खटक्यावरून तोडा, कारण घाईघाईत जखमीला ओढताना दुसराही हात आत जाऊ शकतो. रस्त्यावर असाल तर तुमचे वाहन आडवे लावून दिवे लुकलुकत ठेवा. हातमोजे असतील तर घाला; नसतील तर प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी हातात चढवून काम भागते.

महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. गर्दीकडे पाहून ‘कोणीतरी फोन करा’ असे म्हटले, तर बहुधा कोणीच करत नाही. एका माणसाकडे बोट दाखवून सांगा: ‘दादा, तुम्ही १०८ ला फोन लावा आणि लावल्यावर मला येऊन सांगा.’ तुम्ही एकटेच असाल, तर फोन स्पीकरवर ठेवून जमिनीवर टाका आणि दोन्ही हात जखमेवर ठेवा. फोनवर गाव, रस्ता, जवळची ठळक खूण आणि ‘रक्त थांबत नाही’ ही गोष्ट आधी सांगा. महामार्गावर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितला, तर गाडी चुकत नाही.

३. जखम उघडी करा आणि संपूर्ण जोराने दाबा

कपड्यांवरून दाबल्यास बोट नेमके कोठे हवे ते कळत नाही. म्हणून कापड कात्रीने कापा किंवा फाडा आणि रक्त कोणत्या जागेतून येते ते डोळ्यांनी पाहा. जखमीला आडवे झोपवा, शक्यतो कडक जमिनीवर, कारण गादीवर किंवा वाळूत तुमचा जोर खालीच जिरतो.

गॉज (जखमेवर लावायचे जाळीदार सुती कापड) असेल तर गॉज, नसेल तर स्वच्छ पंचा, ओढणी, टॉवेल किंवा स्वतःचा शर्ट घडी करून थेट त्या जागेवर ठेवा. एका तळहातावर दुसरा तळहात ठेवा, कोपरे ताठ करा आणि खांद्यांवरून शरीराचे वजन त्या जागेवर येऊ द्या. जखमी ओरडेल. त्याला शांतपणे सांगा की दुखणार आहे आणि तरीही सोडणार नाही. धमनीतल्या दाबावर मात करायची असते, त्यामुळे जेवढा जोर पुरेसा वाटतो त्याहून बराच अधिक लागतो.

घड्याळ पाहा आणि किमान १० मिनिटे हात उचलू नका. रक्त गोठून त्याची गाठ बसायला वेळ लागतो, आणि मधेच कापड उचलले की ती कोवळी गाठ कापडाबरोबर निघून येते. हात थकले तर दुसऱ्या माणसाने आपले हात तुमच्या हातांवर ठेवून जोर दिल्यानंतरच तुम्ही खालून हात काढा. १० मिनिटांनी रक्त थांबलेले दिसले, तरी कापड जागेवरच ठेवा आणि त्यावर क्रेप बँडेज घट्ट गुंडाळा.

आता अडचण येते ती रक्त कापडाखालून तसेच वाहत राहिले तर. अशा वेळी माणसे एकावर एक टॉवेल रचत जातात. त्यामुळे रक्त डोळ्यांआड होते, पण थांबत नाही, आणि जाड गठ्ठ्यामुळे तुमचा जोर मुळाशी पोहोचेनासा होतो. रक्त वाहतच आहे याचा अर्थ दाब चुकीच्या जागी पडतो आहे किंवा अपुरा आहे. आधी जोर वाढवा. तेवढ्यानेही भागले नाही, तर वरचे कापड एकदाच बाजूला करून उगम पुन्हा शोधा आणि पुढच्या पायरीवर जा. जखम हाताला किंवा पायाला असेल आणि जवळ टूर्निकेट (हातपाय आवळून रक्त थांबवणारा दांडीचा पट्टा) असेल, तर मात्र वेळ न दवडता पाचव्या पायरीवर जा.

४. जखम खोल असेल तर ती कापडाने ठासून भरा

कोयत्याचा घाव, काचेची चीर किंवा बैलाच्या शिंगाने झालेली जखम वरून अरुंद आणि आतून खोल असते. तेथे वरून दाबून आतली धमनी दबत नाही. जांघ, काख आणि खांद्याजवळची जागा तर अशी आहे की तेथे टूर्निकेट बसतच नाही. तेथे जखम भरणे हाच उपाय आहे.

गॉजच्या पट्टीचे टोक बोटाने जखमेत रक्ताच्या उगमापर्यंत न्या आणि तेथे दाबून धरा. मग दुसऱ्या हाताच्या बोटाने पट्टीचा पुढचा भाग आत सरकवा. एका बोटाचा दाब कायम ठेवत दुसऱ्याने भरत राहा, जखम काठोकाठ भरेपर्यंत. त्यानंतर दोन्ही हातांनी वरून १० मिनिटे पूर्ण जोराने दाबा. रक्त गोठवणारे औषध लावलेले खास गॉज मिळते; ते वापरल्यास किमान ३ मिनिटे दाबणे पुरेसे मानले जाते. ते नसेल तर फाडलेल्या सुती साडीची लांब पट्टीही चालते. कापड पूर्ण स्वच्छ नाही म्हणून थांबू नका. जंतुसंसर्गावर रुग्णालयात औषध देता येते, गेलेल्या जिवावर नाही. एकदा भरलेले कापड बाहेर ओढू नका, आणि किती कापड आत गेले आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

छातीची आणि पोटाची जखम मात्र अशी कधीही भरू नका. तेथील रक्तस्राव खोल पोकळीत असतो आणि तो शस्त्रक्रियेनेच थांबतो.

५. हातापायाच्या जखमेवर टूर्निकेट लावा

टूर्निकेट म्हणजे रुंद पट्टा आणि त्याला पिळ देणारी दांडी. हा पट्टा जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, ५ ते ७ सेंटिमीटर अंतरावर बांधतात. कोपरावर किंवा गुडघ्यावर तो बांधू नका, कारण सांध्याची हाडे धमनी दबू देत नाहीत. तेथे सांध्याच्या वर बांधा. जखम नेमकी कोठे आहे हे अंधारात किंवा गर्दीत दिसत नसेल, तर दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी मुळाशी, कपड्यांवरूनच बांधा. त्याआधी खिशातला मोबाइल, किल्ल्या आणि पाकीट काढा, नाहीतर पट्टा त्यांच्यावर आवळला जातो.

आधी पट्टा हाताने ओढून शक्य तितका घट्ट करा, मगच दांडी फिरवा. रक्त थांबेपर्यंत फिरवत राहा आणि दांडी खाचेत अडकवा. अर्धवट आवळलेला पट्टा न बांधण्यापेक्षा वाईट, कारण तो शिरा बंद करतो आणि धमनी चालूच ठेवतो, त्यामुळे रक्तस्राव उलट वाढतो. घट्ट टूर्निकेट अतिशय दुखते आणि जखमी ते सोडा म्हणून विनवणी करतो. तरीही ते सैल करू नका. एकाने रक्त थांबले नाही, तर त्याच्या लगत वरच्या बाजूला दुसरे लावा. लावल्याची वेळ त्याच्या पट्ट्यावर किंवा जखमीच्या कपाळावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा.

दर १५ मिनिटांनी पट्टा सैल करावा, असे जुने लोक सांगत आणि अजूनही पुष्कळजण सांगतात. तसे करू नका. प्रत्येक वेळी सैल केल्यावर उरलेले रक्त जाते. साधारण २ तासांपर्यंत टूर्निकेटमुळे कायमची इजा होण्याचा धोका कमी असतो, आणि ते काढण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो. हातपाय कापावा लागेल ही भीती आपल्याकडे खोल रुजलेली आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. इराक युद्धाच्या काळात, २००६ साली, बगदादमधील अमेरिकी लष्करी रुग्णालयात आलेल्या जखमींची पाहणी झाली. रक्तस्रावाने शरीर कोसळण्यापूर्वी ज्यांना टूर्निकेट लावले गेले त्यांच्यापैकी ९० टक्के वाचले. कोसळल्यानंतर लावले गेले त्यांच्यापैकी केवळ १० टक्के. आणि टूर्निकेटमुळे कोणाचाही हात किंवा पाय कापावा लागला नाही.

तयार टूर्निकेट नसेल, तर किमान ४ ते ५ सेंटिमीटर रुंद घडी केलेली ओढणी किंवा उपरणे दोनदा गुंडाळून अर्धी गाठ मारा, तिच्यावर स्पॅनर किंवा मजबूत लाकडी दांडा ठेवा, वर पूर्ण गाठ मारा, दांडा पिळा आणि सुटू नये म्हणून दुसऱ्या पट्टीने बांधून टाका. पेन मोडते. कमरेचा चामडी पट्टा पुरेसा आवळता येत नाही. सुतळी, तार किंवा नायलॉनची दोरी वापरू नका. ती कातडी आणि खालच्या नसा कापते, धमनी मात्र नीट दाबत नाही. असा हाताने केलेला पट्टा पुष्कळदा फसतो, म्हणून तो तयार होईपर्यंत दुसऱ्या कोणीतरी जखमेवर थेट दाब चालूच ठेवावा.

ग्रामीण वाचकांसाठी येथे एक सावधगिरी. टूर्निकेट हे केवळ न थांबणाऱ्या रक्तस्रावासाठी आहे. साप चावल्यावर हात किंवा पाय आवळून बांधू नये. तेथे हाच उपाय घातक ठरतो.

६. मान, रुतलेली वस्तू आणि आतला रक्तस्राव

संक्रांतीच्या सुमारास दुचाकीस्वारांच्या गळ्याला मांजाने होणाऱ्या जखमा महाराष्ट्राला नव्या नाहीत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि माणसे जखमी होतात. मानेच्या जखमेवर रक्त येणाऱ्या जागीच, फक्त त्याच बाजूला, बोटांनी दाबून धरा. गळ्याभोवती पट्टी कधीही गुंडाळू नका आणि दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नका. श्वासनळीवर दाब येणार नाही याकडे लक्ष ठेवा. जखमीला झोपवून ठेवा, कारण मानेतली मोठी शीर उघडी पडली तर बसलेल्या माणसाच्या शिरेत हवा ओढली जाऊ शकते. रक्त तोंडात येऊन तो गुदमरत असेल, तर त्याला कुशीवर वळवा.

काच, सळई किंवा विळ्याचे पाते शरीरात रुतलेले असेल, तर ते उपसू नका. कापलेल्या धमनीला कदाचित त्याच वस्तूने बूच बसलेले असते. तिच्या दोन्ही बाजूंना दाब द्या आणि कापडाच्या गुंडाळ्या लावून ती हलणार नाही असे बांधा.

बाहेर रक्त नाही, पण वाहनाखाली आल्यानंतर पोट ताठ झाले आहे, मांडी सुजत चालली आहे, अंगाला थंड घाम सुटला आहे आणि नाडी जलद आहे, तर रक्त आत साचते आहे. येथे तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जखमीला लवकरात लवकर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे.

७. बोट किंवा हात तुटला असेल तर

आधी जखमीचे रक्त थांबवा, तुटलेला भाग नंतर शोधा. धमनी पूर्ण तुटली की ती आकसून आत ओढली जाते, त्यामुळे कधी कधी सुरुवातीला रक्त कमी दिसते आणि थोड्या वेळाने अचानक सुरू होते. म्हणून टूर्निकेट तयार ठेवा. तुटलेला भाग घासून धुऊ नका. सलाइनमध्ये किंवा स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये तो गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बर्फाचा थेट स्पर्श झाला तर पेशी मरतात आणि तो भाग जोडता येत नाही. पिशवीवर जखमीचे नाव आणि वेळ लिहा.

८. रक्त थांबल्यावर जखमीला ऊब द्या

जखमीला सपाट झोपवून अंगावर घोंगडी, चादर किंवा जे मिळेल ते घाला, आणि पाठीखालीही काहीतरी घाला, कारण थंड फरशी ऊब शोषून घेते. हे दिसायला साधे वाटते, पण शरीर थंड पडले की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते आणि थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यातही रक्त गेलेला माणूस कुडकुडतो.

तो पाणी मागेल, कारण रक्त गेल्यावर तहान फार लागते. पाणी, चहा किंवा ग्लुकोज देऊ नका. त्याला बहुधा भूल द्यावी लागणार असते, आणि ओकारी होऊन ते फुप्फुसात गेले तर नवेच संकट उभे राहते. फार तर ओठ ओले करा. त्याच्याशी बोलत राहा. उत्तरे विसंगत येऊ लागली, तर अवस्था बिघडते आहे. श्वास थांबला आणि तो हालचाल करत नसेल, तर छाती दाबण्यास सुरुवात करा. मात्र जखमेवरचा दाब दुसऱ्या कोणीतरी चालू ठेवला पाहिजे.

९. रुग्णालयात नेताना आणि पोहोचल्यावर

रुग्णवाहिका लवकर येत नसेल आणि रक्त आटोक्यात असेल, तर मिळेल त्या चारचाकी गाडीने निघा. एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने मागे जखमेवर हात ठेवून बसावे. दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका. जखमी वाटेत बेशुद्ध पडतो आणि दाबही सुटतो. जवळच्या दवाखान्यापेक्षा रक्तपेढी आणि शल्यचिकित्सक असलेले उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय थोडे लांब असले तरी अधिक उपयोगी, याचा निर्णय १०८ च्या डॉक्टरांना विचारून घ्या. रक्त गोठलेली गाठ टिकावी म्हणून ट्रॅनेक्झॅमिक आम्ल नावाचे स्वस्त औषध शिरेतून देतात. इजा झाल्यापासून ३ तासांच्या आत दिले तरच त्याचा लाभ होतो. इजेची वेळ लक्षात ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

डॉक्टरांना या क्रमाने सांगा: इजा कशाने आणि किती वाजता झाली, अंदाजे किती रक्त गेले, टूर्निकेट किती वाजता लावले, जखमेत कापड भरले आहे का, जखमी वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतो का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, शेवटचे कधी खाल्ले.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने आजही माणसे रस्त्यावर जखमीला सोडून जातात, आणि मला याचे फार वाईट वाटते. पोलिसांना कळवणे आणि नोंद करणे हे रुग्णालयाचे काम आहे, आणि त्यासाठी तातडीचे उपचार थांबवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ साली परमानंद कटारा खटल्यातच स्पष्ट केले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १३४-अ नुसार रस्ते अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दावा चालत नाही. त्याला नाव आणि पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

नेहमीचे सापळे

हळद, चुना, कॉफी पूड, तंबाखू, चुलीतली राख किंवा माती जखमेत भरू नका. बारीकशा कापण्यावर हळद लावली तर फारसे बिघडत नाही, पण धमनीच्या दाबापुढे ती क्षणात वाहून जाते आणि शल्यचिकित्सकाला जखम साफ करण्यात वेळ घालवावा लागतो. जखम नळाखाली धरू नका. वाहते पाणी गाठ बसू देत नाही. नुसता हात वर धरून ठेवण्याने धमनीचे रक्त थांबत नाही. बर्फानेही थांबत नाही. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातावरील फिस्टुलातून (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेतून) रक्त उडाले, तर मोठ्या टॉवेलपेक्षा त्या बारीक छिद्रावर नेमके बोट दाबून धरणे अधिक उपयोगी पडते. पायावरची फुगलेली शीर फुटली, तर रुग्णाला झोपवून पाय वर उचलावा आणि त्या जागी दाबावे. ते रक्त दिसायला भयंकर असते, पण बहुधा तेवढ्याने आटोक्यात येते.

साहित्य आणि कागदपत्रे

घरात, ट्रॅक्टरवर, गाडीत आणि कामाच्या जागी पुढील वस्तू एका पिशवीत ठेवा.

- ४ इंची गॉजचे रोल, किमान ४
- ६ इंची क्रेप बँडेज, २
- दांडीचे तयार टूर्निकेट, शक्यतो २
- जाड कापड कापणारी बोथट टोकाची कात्री
- हातमोजे, मार्कर पेन आणि टॉर्च
- पातळ चादर आणि प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशव्या

बाजारात टूर्निकेटच्या हुबेहूब नकला पुष्कळ मिळतात, आणि त्यांच्या दांड्या पिळताना वाकतात किंवा मोडतात. विकत घेतल्यावर स्वतःच्या मांडीवर आवळून पाहा आणि तो नग सरावासाठी ठेवा. पिशवीतला नग न वापरलेला असावा. तपासणीसाठी शिरेतून रक्त घेण्यापूर्वी दंडाला बांधतात ती रबरी नळी या कामाची नाही. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यासाठी प्रशिक्षित माणूस सांगितला होता. मला तर प्रत्येक पाळीत असा माणूस हवा असे वाटते, कारण पेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे तो रजेवर असेल तर पेटी निरुपयोगी ठरते. पेटीला कुलूप लावू नका.

कागदपत्रे नंतर आणता येतात. त्यांच्यासाठी जखमीला नेणे थांबवू नका. नंतर आधार कार्ड, शिधापत्रिका, कामगार विम्याचे कार्ड असल्यास ते, आणि चालू औषधांची चिठ्ठी लागते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णाला मदत करणारा माणूस, असतो. नातेवाइकांपैकी एकाने त्याला लगेच भेटावे. रक्तगट माहीत असला तरी रुग्णालय तो पुन्हा तपासतेच, म्हणून त्या शोधात वेळ घालवू नका.

१०. नंतर स्वतःकडे पाहा

जखमी डॉक्टरांच्या हाती गेला की हात कोपरापर्यंत साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवा, अंगठ्या व घड्याळ काढून. रक्त डोळ्यांत गेले असेल, तर भरपूर पाण्याने डोळे धुवा. तुमच्या कातडीला चीर असेल, किंवा रक्त डोळ्यांत वा तोंडात गेले असेल, तर त्याच रुग्णालयात ते सांगा. एचआयव्ही टाळण्यासाठी दिली जाणारी औषधे शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल, तर त्याबद्दलही विचारा. जागेवर सांडलेले रक्त कापडाने झाकून त्यावर ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओता, थोडा वेळ थांबा आणि मग हातमोजे घालून पुसा. पिशवीतला वापरलेला गॉज आणि टूर्निकेट त्याच दिवशी नवा आणून ठेवा.